दोदानीम की रोदानीम

वत्सलाबाई आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या तेव्हा नुकत्याच नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर नर्स. नवरा आधीच गेलेला, मुलगी स्वप्नाली लग्न होऊन नाशकात. अंबाजोगाईत त्यांचं नात्यातलं कुणी नव्हतं, पण मंडळी होती, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. लातूर रस्त्याला पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनाघर आहे, दर रविवारी त्या पांढरी साडी नेसून तिकडं जायच्या. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे सिस्टर म्हणतात.

मी वर्षाराणी. समोरच्या किराणा दुकानाची सून. आम्ही लिंगायत, त्या ख्रिस्ती. सुरुवातीला सासरे जरा अंतर राखून होते. मग एकदा त्यांची साखर एकदम खाली गेली, सिस्टर पदर खोचून धावत आल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या सासऱ्यांना, कल्याणरावांना, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातची सुई चालेना.

सिस्टरांची एक सवय होती. कुणी तापाची गोळी विचारायला आलं, तरी आधी त्याचं नाव विचारायच्या, मग बापाचं, मग गाव. ओळखीचं माणूस असलं तरी. लोक हसायचे. त्यांनी मला कारण सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, एकाच वॉर्डात दोन छबुबाई होत्या. दोघी बाळंतिणी. एकीसाठी आणलेलं रक्त दुसरीला लावलं जात होतं. सिस्टर नवीन होत्या, भीत भीत बोलल्या, "हिच्या नवऱ्याचं नाव सटवा हाय, बाटलीवर दुसरंच लिवलंय." बाई वाचली. "तवापासून ठरवलं," त्या म्हणायच्या, "औषध माणसाला द्यायचं असतं, खाटेला न्हाई."

ह्याच सवयीनं पुढचं सगळं घडवलं.

निवृत्त झाल्यावर त्या पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. त्यात मधेमधे नुसती नावं येतात. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी पानंच्या पानं. मंडळीतले लोक ती पानं तशीच उलटतात, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या मात्र ओळीवर बोट ठेवून एकेक नाव वाचायच्या. एक दिवस दुपारी चष्मा कपाळावर चढवून दुकानात आल्या.

"वर्षा, उत्पत्तीच्या पुस्तकात यावानाच्या पोरांत एक दोदानीम हाय. पुढं शास्त्रातल्याच इतिहासाच्या पुस्तकात तोच बाप, तीच पोरं, पण दोदानीमच्या जागी रोदानीम. मग हे एक की दोन?"

मी गूळ फोडत होते. म्हटलं, "छापणाऱ्यानं चूक केली असंल."

"दुसरी प्रत बघितली. तिथं बी तसंच हाय."

सासरे गल्ल्यावरून म्हणाले, "सिस्टर, त्यांना जाऊन हजारो वर्षं झाली. आता कावून डोकं शिणवता?"

"मेला म्हणून काय झालं? त्याला नाव होतं की," त्या म्हणाल्या, आणि तशाच पास्टरांकडं गेल्या.

पास्टर गहिनीनाथ तेव्हा पस्तिशीचे असतील. धर्मापुरीच्या बाजूच्या खेड्यातले. नाव नाथपंथी, कारण आजोबा नाथांचे भक्त. आईनं पुढं ख्रिस्ती धर्म घेतला, पोराचं नाव मात्र बदललं नाही. पुण्याला धर्मशास्त्र शिकून आले होते आणि आमच्या इथल्या मंडळीवर त्यांची तात्पुरती नेमणूक होती. सिस्टर नोकरीत असताना पास्टरांची आई शेवटच्या दुखण्यात त्यांच्याच दवाखान्यात होती, तेव्हा सिस्टरांची ड्यूटी संपली तरी त्या तिच्या उशाशी बसून राहत. आई गेल्यावर गहिनीनाथ सिस्टरांच्या पाया पडले होते. "आजपासून तुमी माझी थोरली बहीण," म्हणाले होते. तेव्हापासून ते त्यांना अक्का म्हणायचे.

दोदानीमचं ऐकून ते इतके खुश झाले की दुसऱ्या दिवशी स्वतःच सिस्टरांच्या घरी आले. माझ्या मुलीची पाटी मागून घेतली. पाटीवर खडूनं एक अक्षर काढलं, शेजारी दुसरं. लांबून दोन्ही सारखीच दिसत होती.

"हा दालेथ, आपला द. हा रेश, आपला र. हिब्रू भाषेतली अक्षरं. दालेथला वर कोपरा असतो अक्का, रेशला तो गोल असतो. बास, एवढाच फरक. हातानं नकला उतरवणाऱ्या कुणाचा तरी कोपरा घासला असंल, न्हाई तर गोल ठिकाणी टोक आलं असंल."

"म्हंजे आपल्या घ आणि ध सारखं," मी म्हणाले. दुकानात एकदा धण्याच्या डब्यावर सासऱ्यांनी घाईत 'घणे' लिहिलं होतं, ते मला आठवलं.

"अगदी तसंच!" पास्टर टाळी वाजवून हसले. "वर्षाताई, तुमी बी बसा आमच्यात."

मग दर गुरुवारी दुपारी ते येऊ लागले. सिस्टर सुशीला करायच्या, चुरमुऱ्याचा तो प्रकार त्यांच्या हातचा फार चवदार होतो. पास्टर जाड हिब्रू पुस्तक आणायचे, सिस्टर मराठी शास्त्र उघडायच्या, आणि दोघं एकेक नाव जुळवत बसायचे. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, मी पण जाऊन बसायची. धर्माच्या गोष्टी फार नव्हत्याच. कोण कुणाचा मुलगा, कुठं काय लिहिलंय, का लिहिलंय. आखान नावाचा माणूस होता, त्यानं चोरी करून सगळ्या लोकांवर संकट आणलं. पुढच्या पुस्तकात त्याचं नाव आखार केलंय, कारण त्या शब्दाचा अर्थच संकट. "गावानं टोपणनाव पाडावं तसं," सिस्टर म्हणाल्या.

पण त्यांच्या मनाला खरं लागलं ते शौल राजाच्या मुलाचं नाव. एका पुस्तकात त्याला ईश-बोशेथ म्हटलंय. दुसरीकडं वंशावळीत तो एश्बाल आहे. पास्टरांनी समजावलं. बाल म्हणजे धनी, मालक. आधी साधा शब्द होता. पुढं तो परक्या देवाचंच नाव म्हणून लोकांना नकोसा झाला. मग, असं जाणकार म्हणतात, नकला करणाऱ्यांनी त्या नावातला बाल काढला आणि बोशेथ घातलं. ईश म्हणजे माणूस, बोशेथ म्हणजे लाज.

सिस्टरांनी चमचा खाली ठेवला. "त्याच्या बापानं पाळण्यात ठेवलेलं नाव, आणि हे मेल्यावर त्याला लाजेचा माणूस करून टाकतात? त्या लेकरानं काय केलतं?"

"पण वंशावळीत खरं नाव राहिलं ना, अक्का. जी पानं आपण उलटून पुढं जातो, त्याच पानांत." पास्टरांचा चेहरा फुलला होता. "हे मंडळीत सांगायला पाहिजे. महिला मंडळात तुमीच सांगा."

"मी? लोकं म्हणतील, ही देवाच्या पुस्तकात चुका काढती."

"कोण म्हणंल? आणि म्हणलं तर मी हाय की. तुमच्या पाठीशी उभा राहतो."

हे त्यांचे शब्द. मी तिथं होते, सुशीलाची ताटली माझ्या हातात होती.

महिला मंडळाच्या सभेला सिस्टरांनी मलाही नेलं, त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून माझ्या स्कूटीवर. त्या काही व्याख्यान देणाऱ्या नाहीत. वॉर्डात नवीन पोरींना शिकवावं तसं फळ्यावर दोन अक्षरं काढली, दोदानीमचं सांगितलं, मग ईश-बोशेथचं. बाया ऐकत होत्या. मग पाठीमागून दगडाबाई उठल्या, भाजी विकतात त्या.

"सिस्टर, माझ्या आधीची चार भावंडं जगली न्हाईत, म्हणून मला दगडा म्हणले. बाप्तिस्म्यात रूथ ठेवलं. रेशन कार्डावर भलतंच हाय. मग देव मला कोणत्या नावानं वळखंल?"

सगळ्या हसल्या आणि मग एकेक बाई आपापली नावं सांगायला लागली. माहेरचं, सासरचं, शाळेतलं. मीसुद्धा सांगितलं की मी माहेरची शिवगंगा, अक्षता पडल्या आणि वर्षाराणी झाले. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आलं. जाताना दगडाबाईंनी सिस्टरांचा हात धरून ठेवला होता. इतकी छान दुपार मी त्या प्रार्थनाघरात दुसरी पाहिली नाही.

कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यातला एवढासाच तुकडा पुढं फिरला, ज्यात सिस्टर म्हणतात, "इथं उतरवणाऱ्याची चूक झाली." आगापीछा काही नाही. तो मंडळीतल्या मोहनरावांकडं पोचला.

मोहनराव मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी मंडळातले मुख्य. जमीनजुमला मोठा, राजकारणात वजन. प्रार्थनाघरावर पत्रे त्यांनीच घातलेले. आणि त्याच महिन्यात पास्टरांची नेमणूक कायम करायची की नाही, हे ठरायचं होतं. कायम होणं मोहनरावांच्या शिफारशीवर होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, सिस्टरांनाही. पण त्यांना त्यात भीतीसारखं काही वाटलं नव्हतं. उपासनेनंतर सभा बोलावली आहे असं कळलं तेव्हा मला म्हणाल्या, "चल, सोडायला ये. पास्टर समजावून सांगतील. त्यांना चांगलं सांगता येतं."

मी शेवटच्या बाकावर बसले. मोहनराव उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट फार आदरानं बोलत होते.

"सिस्टर आमाला मातेसमान हायत. पण देवाच्या वचनात चूक हाय असं आमच्या लेकीबाळींना शिकवलं जात असंल, तर विचारावं लागंल. पास्टर, दर गुरुवारी तुमी त्यांच्या घरी जाता. हे तुमी शिकवलं का?"

सगळ्यांच्या माना पास्टरांकडं वळल्या. सिस्टरांनीही वळून पाहिलं, अगदी निर्धास्तपणे. आपल्या बाजूचा माणूस बोलायला उठला की आपण पाहतो तसं.

गहिनीनाथ उठले. हातातलं पुस्तक मिटलं.

"मी न्हाई शिकवलं," ते म्हणाले. "अक्कांना हे वाचनातून कुठून कुठून मिळतं. मी पुष्कळ समजावलं. आता वय झालंय, घरी एकट्या असतात, मनात काहीबाही येतं माणसाच्या. मी जायचो ते त्यांना आवरायलाच जायचो."

क्षणभर मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मी उठले. "खोटं आहे हे. मी होते तिथं. पाटीवर अक्षरं ह्यांनीच काढली."

मोहनरावांनी हात जोडले. "ताई, तुमी आमच्या पाहुण्या हाव. पण हा मंडळीचा घरचा मामला हाय."

सिस्टर अजून पास्टरांकडंच बघत होत्या. चारचौघांत त्या त्यांना नेहमी 'पास्टर, तुमी' म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "गहिनी, तू मला आवरायला येत होतास?"

पास्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. खाली सतरंजीकडं बघत म्हणाले, "हो, अक्का."

ठरलं ते असं: महिला मंडळाचं आणि संडे स्कूलचं काम सिस्टरांनी सोडायचं, त्यांनी विश्रांती घ्यावी. विश्रांती हा शब्द मोहनरावांनी दोनदा वापरला. दगडाबाई काही बोलायला उठत होत्या, त्यांच्या सुनेनं पदर ओढून खाली बसवलं.

स्कूटीवर मागं बसल्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. घरी येईपर्यंत तो हात इतका घट्ट होता की माझा खांदा दुखायला लागला. दारात उतरल्या, कुलूप काढलं, आणि मला म्हणाल्या, "आपण सगळ्यांना सांगत बसायचं न्हाई. तुझ्या सासऱ्यांना बी न्हाई."

मी सासऱ्यांना सांगितलंच. ते गल्ल्यावरून उठून तसेच पास्टरांच्या घरी निघाले होते, त्यांना कसंबसं थांबवलं.

त्या गुरुवारी दुपारी मी सवयीनं समोर गेले. सिस्टर ओट्यापाशी उभ्या होत्या, चुरमुरे भिजवलेले होते. त्यांनाही सवयीनं झालं असणार. माझ्याकडं पाहिलं, चुरमुरे पिळून काढले आणि बाहेर जाऊन गायीला घालून आल्या. मग पलंगावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्याबद्दल बोलल्या.

"मोहनरावाचं मला काही वाटत न्हाई. त्यो मला वळखतच न्हाई. पण ह्यानं काय केलं बघ, वर्षा. मी एकटी हाय हे त्याला माहीत होतं, कारण मीच सांगितलतं. रातीला घर खायला उठतं, असं त्याला बहीण म्हणून सांगितलतं. तेच त्यानं तिथं वापरलं. 'मला ठाऊक न्हाई' म्हणला असता तर मी समजले असते. भ्याला म्हणले असते. पण मला येडी ठरवली. आता मी काई बी बोलले तरी लोकं म्हणणार, बिचारी एकटी असती."

रडल्या नाहीत. उठून ओटा पुसायला लागल्या.

पास्टरांचा मोबाईलवर संदेश आला, "अक्का, समजून घ्या. लहान लेकरं हायत. मी मनातून तुमच्याच बाजूनं हाय." सिस्टरांनी मला वाचायला दिला. "मनातून," त्या म्हणाल्या, आणि मोबाईल पालथा ठेवला.

पास्टरांची नेमणूक कायम झाली. मिठाईचा डबा मंडळीतल्या सगळ्या घरी गेला, सिस्टरांकडंही आला. तो त्यांनी आमच्या दुकानात ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्यानं खाल्ला. रविवारी त्या जाईनाशा झाल्या. पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून कपाटात राहिली. शास्त्रही बरेच दिवस उघडलेलं मी पाहिलं नाही. ज्या पानांवर त्या बोट ठेवून बसायच्या, त्या पानांपाशी गेलं की त्याचाच आवाज कानात येतो, असं म्हणाल्या. हे मला फार वाईट वाटलं. माणसानं विश्वास मोडला ते एक, पण त्यांचं आवडतं कामही त्याच्याबरोबर गेलं होतं.

उन्हाळ्यात पास्टरांची बायको आजारी पडली. टायफॉईड. डॉक्टरांनी घरी सलाईन लावायला सांगितलं आणि त्या भागात सिस्टरांसारखा हात कुणाचा नाही. पास्टर स्वतः दारात आले. मी दुकानातून पाहत होते. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण सिस्टरांनी पिशवी घेतली आणि निघाल्या. बरी होईपर्यंत रोज जात होत्या. मी म्हटलं, "तुम्ही कशाला जाता?"

"तिनं काय केलंय? ती तर त्या दिवशी सभेत बी नव्हती."

तिकडं पास्टर चहा घेऊन पुढं आले आणि "अक्का, घ्या," म्हणाले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सिस्टर म्हणायचं." हे मला त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. तिलाही तोवर कळलं होतं सगळं. एका संध्याकाळी पास्टर त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आले आणि हात जोडून उभे राहिले. माझी चूक झाली, म्हणाले. मला माफ करा.

"तिथं बोललास ते सगळ्यांपुढं बोललास," सिस्टर म्हणाल्या. "माफी बी तिथंच माग. रविवारी. मी येते, शेवटच्या बाकावर बसते."

त्या रविवारी त्या खरंच गेल्या. ती पांढरी साडी नेसून. मी सोडायला गेले होते आणि बाहेर लिंबाखाली थांबले होते. आतून गाणी ऐकू आली, प्रवचन झालं, मंडळीच्या सूचना झाल्या, अमक्याचा वाढदिवस, तमक्याच्या घरी प्रार्थनासभा. मग शेवटचं गाणं सुरू झालं आणि माणसं बाहेर यायला लागली. सिस्टर आल्या, चपला घातल्या.

"बोलले?"

"न्हाई." स्कूटीवर मागं बसता बसता म्हणाल्या, "माझ्याकडं दोनदा बघितलं. मला वाटलं आता उठंल."

मला वाटतं, सभेतल्या त्या दिवसापेक्षा ह्या रविवारी त्या जास्त मोडल्या. पहिल्यांदा त्यांना ठाऊक नव्हतं. ह्या वेळी त्या माहीत असून पुन्हा विश्वास टाकून गेल्या होत्या.

पावसाळा संपता संपता दगडाबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या गल्लीत आल्या. पाटी सिस्टरांच्या ओट्यावर उतरवली. "सिस्टर, त्या राजाच्या पोराचं सांगितलं तसं अजून सांगा की. आमच्या सुना येतो म्हणत्यात. तिथं न्हाई, हितं." सिस्टर नको म्हणाल्या. दगडाबाई दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आल्या, बरोबर दोघी घेऊन. तेव्हा सिस्टरांनी दार लावलं नाही. आता मंगळवारी चार-पाच जणी जमतात. गुरुवार त्यांनी मुद्दाम टाळला. मंगळवारी सुशीलाही नसते, चहा असतो. हिब्रू पुस्तक नाही, पाटीवरची दोन अक्षरं मात्र आहेत, ती आता सिस्टर स्वतः काढतात. पहिल्यासारख्या खुलत नाहीत. शिकवता शिकवता मधेच थांबतात आणि "हे मला एकानं सांगितलतं," म्हणून पुढं जातात. नाव घेत नाहीत.

यंदा मे महिन्यात पास्टरांची जालन्याला बदली झाली. मोठी मंडळी, पक्की इमारत. निरोपाचा कार्यक्रम झाला, दगडाबाई जाऊन आल्या. म्हणाल्या, पास्टरांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, मोहनरावांपासून झाडलोट करणाऱ्या सुंदररावांपर्यंत. "आणि तुमच्याबद्दल म्हणले, आपल्या मंडळीतल्या एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांनी माझ्या कुटुंबाची सेवा केली."

"नाव घेतलं न्हाई?" मी विचारलं.

दगडाबाईंनी मान हलवली. सिस्टर मेथी निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सामानानं भरलेला टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. पास्टर, बायको आणि दोन लेकरं चालत आत आली. सिस्टरांनी दार उघडलं. बायको पाया पडली, तिला त्यांनी उठवून जवळ घेतलं. लेकरांना आत नेलं, माठातलं पाणी दिलं, शेंगदाण्याचे लाडू दिले, धाकट्याच्या डोक्याला आपला रुमाल बांधला. पास्टर उंबऱ्याबाहेर उभे होते.

"अक्का, येतो," ते म्हणाले.

"या," सिस्टर म्हणाल्या.

ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मग ते वळले आणि गेले.

मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडं गेले. सिस्टर लेकरांचे पेले उचलत होत्या.

"माफ केलं तुम्ही?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकरं उन्हात उभी होती."